बनसोडे सरांची रेघ

आमच्या क्लासच्या इमारतीत गुरुवारी वीज नसायची. चिखलीतल्या त्या गल्लीत गुरुवार म्हणजे वर्कशॉपांच्या सुट्टीचा दिवस, आणि दुरुस्तीसाठी वीज घालवायचाही तोच. खालच्या मजल्यावर पत्रा वाकवण्याचं वर्कशॉप होतं. आठवड्यातले बाकीचे दिवस तिथला प्रेस धप्प, धप्प करत राहायचा आणि वर आमच्या टेबलांवरचे चहाचे कप त्या ठेक्यावर वाजायचे. गुरुवारी सगळं गप्प. कॉम्प्युटरचे पडदे काळे. दुसऱ्या कुठल्याही क्लासने सुट्टी दिली असती. बनसोडे सर हात चोळत आत यायचे आणि म्हणायचे, "चला, आज खरा तास. उठा."

मग आम्ही बाराजण खुर्च्या कडेला सरकवून मधल्या जागेत उभे राहायचो. सरांच्या हातात शिंप्याकडे असतो तसला चपटा निळा खडू असायचा. हा खडू ते शर्टाच्या खिशात ठेवायचे, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाचा खिसा निळसर झालेला होता. पहिल्या गुरुवारी त्यांनी आपल्याच पांढऱ्या शर्टावर मनगट, कोपर आणि खांदा अशा तीन ठिकाणी ठिपके काढले आणि विचारलं, "हात वर करा. आता सांगा, हात कुठून निघतो?"

सगळ्यांनी खांद्याला बोट लावलं.

"चूक." त्यांनी गळ्याखालच्या आडव्या हाडावर चौथा ठिपका काढला. "इथून निघतो. ठेवा बोट आणि परत वर करा. उठलं का? खांदा नंतर येतो. नाव खांद्याचं होतं, पण कामाला आधी हे लागतं. ह्याला विसरलात तर तुमचं पात्र हात वर करेल आणि त्याच्या काखेचा चुरगळलेला कागद होईल."

त्या हाडाचं इंग्रजी नाव मला माहीत होतं. माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली, आणि सॉफ्टवेअरमध्येही हाडांना तीच नावं असतात. मी ते नाव पुटपुटले. सरांच्या कानावर गेलंच.

"बरोबर! कुठंय ते तुझ्यात?"

मी घाईघाईने बोट ठेवलं ते बरगडीवर.

"नाव येतंय, हाड येत नाही," सर म्हणाले. वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते माझ्यासमोर थांबून राहिले, माझं बोट योग्य जागी पोचेपर्यंत. मी चारचौघांत बोलायचं टाळते. तेव्हा वाटलं होतं की ह्या माणसापासून चार हात लांब राहावं. पण घरी जाताना बसमध्ये मी गळ्याखाली बोट ठेवून हळूच हात वर करून बघत होते, आणि हाड उठत होतं.

रिगिंग म्हणजे काय, हे मला घरी अजून नीट सांगता आलेलं नाही. आई पाहुण्यांना सांगते, "ती कार्टून काढते." मी कार्टून काढत नाही. कॉम्प्युटरवर कुणीतरी पात्राचा पुतळा तयार करतं. तो दिसतो छान, पण दगडासारखा असतो. त्याच्या आत हाडं बसवायची, सांधे जोडायचे, कातडी त्या हाडांना चिकटवायची, आणि बाहेर धरायला दोऱ्या द्यायच्या, म्हणजे ॲनिमेटर त्या दोऱ्या ओढून त्याला चालवू शकतो. हे मधलं काम म्हणजे रिगिंग. सर म्हणायचे, "पुतळा एकाचा, नाच दुसऱ्याचा. आपण सांधा. सांधा चांगला असला की कुणाला आठवत नाही. गुडघा दुखतो तेव्हाच माणसाला गुडघा असल्याचं कळतं." कुणाच्या लक्षात येऊ नये हेच ज्या कामातलं यश, ते काम माझ्यासाठीच केलेलं आहे असं मला वाटलं होतं.

सर मूळचे फिटर. त्यांचे वडील लातूरकडून येऊन पिंपरीत कंपनीत लागले, सकाळी विहारात जाऊन फर्स्ट शिफ्ट गाठणारे. सरांनी आयटीआय केलं आणि चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला बरीच वर्षं काढली. ते ह्या धंद्यात कसे आले, ह्याचं उत्तर ते ठरलेलं द्यायचे. मुलीबरोबर टीव्हीवर कार्टून बघत होते. त्यातल्या अस्वलाचा कोपर उलटा वाकला. मुलीला काहीच वाटलं नाही. सर मात्र बेचैन. "असा जॉइंट कंपनीत बसवला असता तर मेमो मिळाला असता राव! हा फॉल्ट कुणाचा, ते शोधायला निघालो, आणि इथं पोचलो." कंपनी सोडून इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या पायात सेफ्टी शूज असायचे, आणि वर्गात आल्यावर ते आधी जमिनीवरच्या वायरी बघायचे, मग मुलांकडे.

मुलांची नावं त्यांना पाठ व्हायची नाहीत. ते गावाने हाक मारायचे. माझ्या शेजारी ओंकार बसायचा, पुनावळ्याच्या जुन्या घरचा, तो 'पुनावळे'. मी 'वाकड'. ओंकारने एकदा तक्रार केली, "सर, आमच्या पुनावळ्याची आजून दोन पोरं हायेत बॅचमंदी, कुणाला हाक मारता ते कळत न्हाई."

"ज्याचं काम चुकलंय त्याला," सर म्हणाले. तिघांनीही आपापले पडदे तपासले.

सरांच्या टेबलावर एक लाल कुलूप असायचं. त्याची कडी कापलेली होती. नव्या बॅचमधलं कुणी ना कुणी ते उचलून बघायचं, आणि सरांना त्याचीच वाट असायची.

"कंपनीत मशीनच्या आत शिरायचं असेल ना, तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं कुलूप लावायचं. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, वर नावाची पट्टी. किल्ली आपल्या खिशात. चारजण आत असले तर स्विचला चार कुलपं. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. साहेब आला, मालक आला, तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. का? कारण बाहेरून कळत नाही आत कुणाचा हात आहे ते."

"आणि हे कुणी कापलं?" ओंकारने विचारलं.

"मी." सर कुलूप हातात फिरवत म्हणाले. "नवीन होतो. लाइन थांबलेली, वरून ओरडा चाललेला. एक कुलूप राहिलेलं, आणि ज्याचं होतं तो दिसेना. म्हटलं, गेला असेल चहाला. घेतला कटर, कापलं, केलं मशीन चालू."

सरांनी कुलूप टेबलावर ठेवलं.

"तो खरंच चहाला गेला होता," सर म्हणाले. "काहीच झालं नाही. माझ्या फोरमननं माझ्या हातात हे कुलूप दिलं आणि शिफ्ट सुटेपर्यंत गेटपाशी उभं केलं. येणारा-जाणारा विचारायचा, काय झालं रे? मी म्हणायचो, काही नाही झालं. दोनशे वेळा सांगितलं असेल. झालं असतं तर लक्षात राहिलंच असतं. झालं नाही, म्हणून जपून ठेवावं लागतं."

रिगिंगमध्येही कुलपं असतात. गुडघा पुढे-मागे वाकतो, आडवा वाकत नाही. तेव्हा आडव्या दिशेला कुलूप घालायचं, म्हणजे ॲनिमेटरने चुकून ओढलं तरी पाय मोडणार नाही. ही कुलपं दोन क्लिकमध्ये उघडतात. पण सरांच्या क्लासमध्ये प्रत्येक कुलपाशेजारी लावणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत होती, आणि दुसऱ्याचं कुलूप उघडायचं नाही हा एकच नियम होता. उशीर चालायचा, चूक चालायची, सर वर्गात असताना डबा खाल्लेलाही चालायचा. कुलपाला हात लावलेला चालायचा नाही.

माझ्या शेवटच्या सत्रात शिंदे मॅडम, म्हणजे क्लासच्या मालकीण, एका दुपारी वर्गात आल्या. त्या सरांना मान द्यायच्या, पण त्यांना इमारतीचं भाडंही द्यायचं होतं. त्या म्हणाल्या, "सर, आता एका बटणावर हाडं बसवणारी सॉफ्टवेअर आली आहेत. पालक विचारतात, ह्याला वर्षभर कशाला?"

"बटणाला विचारा, हात कुठून निघतो," सर म्हणाले.

मॅडम हसल्या, पण बोलायचं ते बोलल्याच. चाकणमधल्या एका कंपनीने नव्या कामगारांना दाखवण्यासाठी सुरक्षेची फिल्म मागितली होती. पात्राचं रिगिंग आमच्या बॅचने करायचं, ॲनिमेशन शेजारच्या खोलीतल्या मुलांनी. फिल्म पास झाली तर कंपनी आणखी काम देणार होती आणि रिगिंगची बॅच चालू राहणार होती. नाही झाली, तर पुढच्या सत्रापासून बटणाचा दोन महिन्यांचा कोर्स, आणि तो शिकवायला सरांची गरज नव्हती. हे शेवटचं वाक्य मॅडमनी उच्चारलं नाही. सरांनी खिशातला खडू काढून परत खिशात ठेवला, त्यावरून मला ते कळलं.

"नाव काय ठेवायचं?" मॅडम गेल्यावर सरांनी आम्हाला विचारलं. नाव ठेवल्याशिवाय ते कुठल्याही पात्रात पहिलं हाडसुद्धा घालू द्यायचे नाहीत. बरीच भांडणं होऊन कामगाराचं नाव 'बाळू' ठरलं.

बाळू बांधायच्या आधी सरांनी आम्हाला चाकणला नेलं. दुपारी तीनला फर्स्ट शिफ्ट सुटते. एका गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी आम्हाला रांगेने बसवलं आणि बाहेर पडणाऱ्या माणसांच्या चालीवरून ते त्यांची कामं सांगू लागले. "हा वेल्डर. मान बघ, एका बाजूला धरून चालतो. हा पेंट शॉपचा, हात अंगापासून लांब ठेवतो. हा फोर्कलिफ्टवाला. प्रत्येक चार पावलाला मागं बघतो, बघ, बघ, बघितलं!" आम्हाला खरं वाटेना. ओंकार उठून विचारून यायचा आणि लांबूनच अंगठा वर करायचा. मग एक रुंद खांद्याचा माणूस आला. सर म्हणाले, "हा पक्का प्रेसवरचा. दोन्ही हात सारखे चालतात. पैज."

ओंकार गेला आणि हसत परत आला. "सर, कॅन्टीनमंदी हाय त्यो. चपात्या लाटतो."

"लाटणं पण दोन हातांचंच काम आहे," सर म्हणाले. "माझं निदान बरोबर, डिपार्टमेंट चुकलं." त्या दिवसाचा सगळ्यांचा चहा त्यांनी पाजला.

मी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. कुणाशी बोलायचं नसलं की मी बघते. ती माझी जुनी सोय आहे. समोर कंपनीच्या बसेस लागत होत्या, आणि माणसं आत चढून वरची दांडी धरत होती. दहा, वीस, तीस माणसं. मी त्यांचे हात काढत होते. काढता काढता मला दिसलं की ही माणसं हात सरळ वर नेतात. धड जागेवर राहतं. आमच्या क्लासमधलं एकही पात्र असा हात वर करत नव्हतं.

कारण आमच्या पात्रांचा हात कानाजवळ पोचायच्या आधीच थांबायचा, आणि राहिलेली उंची कंबर विरुद्ध बाजूला झुकून भरून काढायची. ही जोडणी सर स्वतः बसवायचे. उजवी बाजू ते बांधायचे, डावी तिचीच आरशातली प्रत. "माणूस नुसत्या हातानं हात उचलत नाही, सगळ्या अंगानं उचलतो," असं म्हणून ते स्वतःचा उजवा हात वर करून दाखवायचे आणि खरंच सुंदर, लयीत डावीकडे झुकायचे. आम्हाला ती त्यांची खास खुबी वाटायची. बाहेरच्या स्टुडिओतली माणसं म्हणे आमचं काम त्या झुकण्यावरून ओळखायची.

मी वहीतून मान वर केली. सर टपरीवाल्याला वरच्या बरणीतली खारी दाखवत होते. उजवा हात वर, अंग डावीकडे. बरणीवर बोट पोचेपर्यंत ते जवळजवळ शेजारच्या माणसावर रेलले होते.

सरांचा खांदा वर जात नव्हता, आणि हे सरांना माहीत नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्या हाताची मापं घेऊन माणसं बनवत होतो.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? 'सर, तुमचा हात वर जात नाही', हे वाक्य मी बसमध्ये मनातल्या मनात मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडून म्हणून पाहिलं. दोन्हीत ते उद्धटच वाटलं.

तीन आठवड्यांनी बाळूचं पहिलं दृश्य कंपनीला गेलं. दृश्य साधं होतं: पट्ट्यावर काहीतरी अडकतं, बाळू पिवळ्या रेषेबाहेर उभा राहून डोक्यावरची लाल दोरी ओढतो, पट्टा थांबतो. कंपनीच्या सुरक्षा विभागाकडून एका ओळीचं उत्तर आलं. 'दोरी ओढताना कामगाराचं डोकं पिवळ्या रेषेच्या आत जात आहे. सोमवारपर्यंत सुधारून द्यावं, अन्यथा काम स्वीकारता येणार नाही.'

शेजारच्या खोलीतली मुलं म्हणाली, रिगच झुकवतो, आम्ही काय करणार. सर भडकले. "माणूस झुकतोच! त्यांना म्हणावं रेष सरकवा." मग त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. मेंटेनन्सचा माणूस, आणि सुरक्षेची रेष सरकवायला सांगत होता. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

हा शनिवार होता. दुपारी सगळे खाली चहाला गेले, मी एकटीच वर राहिले. बाळू माझ्या पडद्यावर उघडा होता. खांद्याची मर्यादा, कंबरेची जोडणी, दोन्हींना कुलूप, आणि शेजारी नाव: बनसोडे. दोन क्लिक. मर्यादा वाढवायची, जोडणी तोडायची, परत कुलूप लावायचं, नाव तसंच ठेवायचं. दहा मिनिटांचं काम. सोमवारी फिल्म पास झाली असती. बॅच वाचली असती. मला तोंड उघडावं लागलं नसतं, आणि सरांना कधीच कळलं नसतं. सगळ्या बाजूंनी सोयीचं होतं. मी कुलपावर बाण नेला.

खाली प्रेस धप्प करत होता. टेबलावर ते लाल कुलूप होतं.

मी माउस सोडला आणि सर वर येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

सर आले, मागून ओंकार. मी उभी राहिले. पाठ केलेलं वाक्य गेलं. मी म्हणाले, "सर, तुम्ही जरा त्या कपाटाजवळ उभे राहाल?"

"का? फोटो काढतेस?"

"पाठ भिंतीला. डावी बाजू कपाटाला टेकवून." वर्गाच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट होतं. तिथे उभं राहिलं की डावीकडे झुकायला जागा नव्हती. "आणि उजवा हात वर करा. भिंतीला घासत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते गेले, शिस्तीत पाठ टेकवली, कपाटाला चिकटले आणि हात वर न्यायला लागले. घड्याळात दहा वाजतात तिथे तो थांबला.

त्यांना वाटलं बाही अडकली. त्यांनी बाही वर सारली आणि परत उचलला. दहा वाजता थांबला. तिसऱ्यांदा त्यांनी जोर लावला; कपाट कुरकुरलं, हात तिथेच.

"पुनावळे," ते म्हणाले, "तू ये."

ओंकार उभा राहिला. त्याचा हात सरळ छताकडे गेला. त्याने बिचाऱ्याने लगेच खाली घेतला, जणू चोरी केली.

"असू दे, वर ठेव." सरांनी खिशातून खडू काढला आणि ओंकारच्या हाताच्या कडेने भिंतीवर उभी रेघ ओढली. मग स्वतः जागेवर गेले, हात जाईल तेवढा वर नेला आणि खडू माझ्याकडे केला. "मार."

मी रेघ मारली. तिरकी. ते बाजूला होऊन दोन्ही रेघांकडे बराच वेळ बघत राहिले, मशीनमधला बिघाड बघावा तसे.

"डोक्यावरचे बोल्ट," ते शेवटी म्हणाले. "सोळा वर्षं डोक्यावरचे बोल्ट आवळले. हा गेला कधी, कळलंच नाही. आणि डाव्याकडे कोण बघतं?" त्यांनी डावा हात वर केला. तो सरळ गेला. ते त्याच्याकडे बघून हसले, लांबचा नातेवाईक भेटल्यासारखे. मग माझ्याकडे वळले, आणि हसू गेलं. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"चाकणला गेलो तेव्हापासून."

"तीन आठवडे?"

मी मान हलवली.

"तीन आठवडे मशीन चालू होतं ना गं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. मला घरात, शाळेत, कुठेही इतकं लागेल असं कुणी बोललेलं नाही. मग ते माझ्या पडद्यापाशी गेले, बाळूकडे पाहिलं, कुलपावर थांबलेला बाण पाहिला. "उघडलंस?"

"नाही सर."

"का? येत होतं की तुला."

"तुमचं होतं."

ते खुर्ची ओढून बसले आणि आपली दोन्ही कुलपं त्यांनी स्वतः उघडली. कंबरेची जोडणी, ज्या जोडणीवरून बाहेरची माणसं आमचं काम ओळखायची, ती त्यांनी एका क्लिकमध्ये पुसली. मग उठून खुर्ची माझ्याकडे सरकवली, आणि लगेच परत मागे घेतली.

"नाही, बसू नकोस. माप तुझं घ्यायचंय. ज्याला दिसलं त्याचं माप. उभी राहा मध्ये."

तोवर बाकीचे चहा पिऊन वर आले होते. त्या दिवशी दुपारभर मी वर्गाच्या मधोमध हात वर करून उभी होते आणि अकराजण माझ्या खांद्याकडे बघत होते. पुढून, मागून, बाजूने. सर प्रत्येकाला सांगत होते, "बघ, इथवर फक्त खांदा. आता पाठीचं हाड सरकलं. आता गळ्याखालचं." माझे कान तापले होते. पण तासाभराने मी विसरले की माझ्याकडे बघताहेत. ते हाताकडे बघत होते, आणि हात बरोबर वर जात होता. मध्येच ओंकार म्हणाला, "सर, बाळूला हिचा खांदा दिलाय, आता त्यो कुनाशी बोलनार न्हाई." सगळे हसले, मीसुद्धा.

फिल्म सोमवारी पास झाली. चाकणच्या त्या कंपनीत रोज नवी माणसं लागतात आणि पहिल्या दिवशी बाळूला लाल दोरी ओढताना बघतात. मिशीवाला, जाड मानेचा बाळू, आणि त्याच्या कातडीखाली वाकडच्या एका मुलीचा खांदा. बॅच चालू राहिली. शिंदे मॅडमनी पेढे वाटले आणि बटणाचा कोर्सही सुरू केला, दोन्ही चालतात.

पण सरांचं काम त्या सोमवारी संपलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी वीज नसताना ते एक जुनी वही घेऊन बसले. त्यात आतापर्यंतच्या सगळ्या बॅचेसच्या मुलांचे नंबर होते. एकेकाला फोन. "हां, बनसोडे बोलतोय. ऐक, तुझ्या रिगमध्ये हात वर केला की कंबर झुकते का? झुकते ना? ती चूक आहे. माझी. काढून टाक." समोरचे गोंधळायचे. काहीजणांना वाटायचं सरांना बरं नाही. हैदराबादच्या एका स्टुडिओत मोठ्या जागेवर असलेला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, ती तर आपली ओळख आहे, राहू द्या की!" फोन स्पीकरवर होता, आम्ही ऐकत होतो.

"माझ्या दुखण्याला तुम्ही कला म्हणताय राव," सर म्हणाले. "काढ." आणि वहीत त्याच्या नावापुढे टिक केली.

दोन गुरुवार लागले त्यांना. मी तोवर इतकं धैर्य कुठेच पाहिलं नव्हतं, आणि ते आरडाओरडा न करता, चहा पीत पीत, एकेक टिक करत दाखवता येतं हेही माहीत नव्हतं.

आता मी एका स्टुडिओत रिगर आहे. कुलपाशेजारी नाव लिहायची पद्धत आमच्या टीममध्ये मी सुरू केली. आणि काही खटकलं तर त्याच दिवशी सांगते. आवाज अजून बारीकच निघतो, पण निघतो.

गेल्या महिन्यात चिखलीला काही कामासाठी गेले होते, तेव्हा क्लासच्या जिन्यावरून वर गेले. गुरुवार होता. खालचा प्रेस बंद. वर दाराशी चपलांचा ढीग, आत नवी बॅच उभी. मी दारातच थांबले. कपाट त्याच जागी होतं. त्याच्या शेजारची भिंत निळ्या रेघांनी भरली होती. उभ्या, थोड्या कललेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, प्रत्येकीखाली गावाचं नाव. मोशी, तळवडे, देहूरोड, पुनावळे. एक माझी, 'वाकड'. आणि त्या सगळ्यांत एकच तिरकी, दहा वाजलेली. तिच्याखाली लिहिलं होतं: 'बनसोडे. ह्या मापाने करू नये.'

कपाटापाशी एक मुलगी उभी होती, पाठ भिंतीला, नजर जमिनीवर. तिला हात वर करायचा नव्हता. सर समोर खडू घेऊन थांबले होते, माझ्यासमोर एकदा थांबले होते तसेच, कसलीही घाई नसल्यासारखे. मुलगी हात वर न्यायला लागली.

तेवढ्यात सरांना दारात कुणीतरी आहे हे जाणवलं. त्यांनी वळून पाहिलं. ओळखलं. मुलीची रेघ व्हायची होती, म्हणून ते बोलले नाहीत. मला थांब अशी खूण करायला त्यांनी खडूचा हात वर केला. उजवा.

तो दहा वाजता थांबला. सरांचं बाकीचं अंग ताठ होतं.